अंगातलं तांबं

"कावीळ म्हणायचं. त्याच्यापुढं एक अक्षर नाय," पडद्यापलीकडून आईचा दबका आवाज आला.

"अगं, पण डॉक्टर मॅडम तर..." बाबांनी सुरुवात केली.

"मॅडम इथंच राहतील. आपल्याला उद्या भाऊच्या दारात उभं राहायचंय."

मी डोळे मिटून पडले होते. खाटेभोवतीचा हिरवा पडदा पूर्ण ओढला जात नसे. त्याच्या फटीतून आईच्या साडीचा काठ आणि बाबांच्या चपला दिसत होत्या. भाऊ म्हणजे आईचा सख्खा भाऊ, माझा मामा. तो बिडकीनहून मला बघायला निघाला होता. त्याच्या मुलीशी, कोमलशी, माझ्या मोठ्या भावाचं लग्न ठरत आलं होतं.

थोड्या वेळानं मामा आला. पिशवीत मोसंबी, डोक्यावर टोपी, आणि वॉर्डात मावणार नाही असा आवाज.

"काय झालं वं आमच्या इंग्रजी मॅडमला?"

"कावीळ," आई म्हणाली. "उतरायलीय आता."

मामानं माझ्या कपाळावर हात ठेवला. तो आईचं ऐकत होता, पण बघत माझ्याकडे होता. मी मान हलवली. लहानपणापासून मी कमी बोलते. घरात सगळे त्याला माझा स्वभाव म्हणतात. त्या दिवशी तो स्वभाव सगळ्यांच्या सोयीचा ठरला.

*

हे मी उपचार चालू असताना लिहिते आहे. ते जन्मभर चालणार आहेत, त्यामुळे बरं झाल्यावर लिहू म्हणण्यात अर्थ नाही. माझ्या आजाराला विल्सन म्हणतात. खाण्यापिण्यातून आपल्या पोटात थोडं तांबं जातं. लागेल तेवढं ठेवून उरलेलं यकृत बाहेर टाकतं. माझं यकृत टाकत नाही. मग ते साठत जातं, आधी यकृतात, नंतर मेंदूत आणि डोळ्यांत. वैद्यकीय माहिती एवढीच देते. बाकीची कुठेही मिळेल. घरात काय होतं ते मात्र मला कुठे वाचायला मिळालं नाही.

सुरुवातीला आम्हाला खरंच कावीळ वाटली होती. डोळे पिवळे झाले, पायांवर सूज आली, जिना चढताना मध्ये बसावं लागायला लागलं. आमचं घर पडेगावला. तिथून पुढे एक जण कावीळ उतरवतो असं शेजारणीनं सांगितलं, म्हणून आई मला घेऊन गेली. त्यानं माझ्या तळहातांवर चुन्याचं पाणी ओतलं. खालच्या परातीत ते पिवळं होऊन पडलं.

"बघा, निघाली," तो म्हणाला. आईला समाधानानं रडू आलं. मी परातीकडे बघत राहिले. पाणी ओतण्याआधी त्यानं माझ्या हातांना कसली तरी साल चोळली होती, हे मी पाहिलं होतं. पण आईचा चेहरा इतका हलका झाला होता की मी काही बोलले नाही.

घरी आल्यावर आईनं तांब्याचा हंडा चिंचेनं घासून लख्ख केला. रात्रभर त्यात पाणी ठेवायचं आणि सकाळी उपाशीपोटी प्यायचं. पोटाला, यकृताला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, याबद्दल तिला शंकाच नव्हती. मी रोज सकाळी ते पाणी पीत होते. तरी पायांची सूज चढतच गेली. शेवटी बाबांनी छावणीतलं टायरचं दुकान बंद ठेवलं आणि मला मोठ्या दवाखान्यात भरती केलं.

*

निदानाचा दिवस. आधी डोळ्यांच्या विभागात मला एका यंत्राला हनुवटी टेकवून बसवलं. तपासणाऱ्या डॉक्टरनं शेजारच्याला बोलावलं, त्यानं आणखी एकाला. सगळे आळीपाळीनं माझ्या डोळ्यांत बघत होते आणि मला कुणीच काही सांगत नव्हतं. बुबुळाच्या कडेनं तपकिरी कड दिसत होती, हे मला नंतर कळलं. मी रोज आरशात बघते. मला ती कधी दिसली नव्हती.

मग मॅडमच्या खोलीत. मॅडम हैदराबादकडच्या. त्यांना मराठी समजायची, पण बोलताना त्या इंग्रजीत शिरायच्या. आई-बाबांना इंग्रजी येत नाही. मला मात्र त्यांनी हौसेनं इंग्रजी शाळेत घातलं होतं. पाहुणे आले की "जरा बोलून दाखव" म्हणायचे आणि मी आतल्या खोलीत पळायचे. आता माझ्याच आजाराची बातमी मीच मराठीत करून त्यांना द्यायची होती.

"घरी पाणी कशात ठेवता?" मॅडमनी विचारलं.

हे आईला समजलं. "तांब्याच्या हंड्यात," ती म्हणाली. त्या खोलीत आल्यापासून पहिल्यांदा तिचा आवाज मोकळा झाला होता. "स्टीलचं आम्ही पीतच नाय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, आधी आईला सांग, हंड्यामुळे हा आजार झालेला नाही. नंतर सांग, आजपासून ते पाणी बंद.

मी त्याच क्रमानं सांगितलं. आईनं फक्त दुसरं ऐकलं. तिनं पदर तोंडाशी नेला आणि तिथंच धरून ठेवला.

"आई-वडील नात्यातले आहेत?"

मी मराठी करायच्या आत बाबा म्हणाले, "व्हय. सख्ख्या मामाची मुलगी केली मी." ते ताठ बसले होते. आमच्याकडे हे अभिमानानं सांगायचं असतं. माणसं माहितीची, घर माहितीचं, मुलगी परक्याकडे जात नाही, सासूच आत्या असते.

मॅडमनी कागदावर पुरुषांसाठी चौकोन आणि बायकांसाठी गोल काढले. आई आणि बाबा यांच्यामध्ये एक नाही, दोन रेघा ओढल्या. नात्यातल्या लग्नाला दोन रेघा असतात. मग वरच्या पिढीकडे पेन नेलं. बाबांची आई आणि आईचे वडील बहीण-भाऊ. बिघाड बहुधा त्यांच्याही वरून आला असणार, दोघांमधून खाली उतरला असणार. मी सांगत गेले. शरीराची प्रत्येक सूचना आपल्याकडे दोनदा असते, एक आईकडची, एक वडिलांकडची. एक बिघडलेली असली तरी दुसरी काम चालवते. माणसाला जन्मभर काही होत नाही, कळतही नाही. अशा माणसाला वाहक म्हणतात.

"एसटीतला?" बाबांनी विचारलं.

मला हसू आलं आणि लगेच रडू. बाबा चेष्टा करत नव्हते.

"तुम्ही दोघं वाहक आहात," मी म्हणाले. "मला दोन्ही बिघडलेल्या मिळाल्या. प्रत्येक मुलाला चारात एक अशी शक्यता असते."

आईनं पदर खाली घेतला. "चारात एक ना? मग ती हिच्या वाट्याला आली. अक्षय सुटला."

अक्षय म्हणजे माझा दादा. मॅडमना हे भाषांतर करून सांगावं लागलं नाही. त्या हळू, तुटक मराठीत थेट आईला म्हणाल्या, "नाही आई. हे वाटून संपत नाही. प्रत्येक बाळाला पुन्हा पहिल्यापासून चारात एक. मुलाला आणा. रक्त बघू, डोळे बघू. त्रास सुरू व्हायच्या आधी कळलं, तर गोळ्या घेऊन माणूस अगदी नीट राहतो. उशीर झाला, तर गेलेलं सगळं परत येत नाही."

"तो ठणठणीत आहे," आई म्हणाली आणि उठली.

बाहेर आल्यावर बाबा भिंतीकडे बघत पुटपुटले, "तुझ्या माहेरचं निघालं हे."

"माझं माहेर म्हणजे तुमच्या आईचंच माहेर," आई म्हणाली. "विसरलात का?"

आमच्या घरात दोष ढकलायलाही दुसरं घर नाही.

*

दवाखान्यातल्या दिवसांबद्दल लोक विचारतात तेव्हा मी सलाइन, जेवण वगैरे सांगते. खरं तर मला सगळ्यात जास्त भीती एका प्लॅस्टिकच्या कॅनची वाटायची. दिवसभराची आणि रात्रीची सगळी लघवी त्या कॅनमध्ये साठवायची होती, तांबं मोजण्यासाठी. कॅन खाटेखाली. भेटायला येणारा प्रत्येक जण स्टूल ओढताना खाली बघायचा. मी पाणी प्यायचंच कमी केलं.

शेजारच्या खाटेवर एका आजींची सून होती. सगळे त्या आजींना खाला, म्हणजे मावशी, म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांच्या लक्षात आलं.

"पानी कायकू नहीं पी रही गे बेटी? उस डिब्बे के वास्ते?"

मी कॅनकडे बघितलं.

"उसमें क्या शरमाना? सबकूच होती." त्यांनी आपली ओढणी काढली, घडी घालून कॅनवर अशी टाकली की तिथं कपड्यांची पिशवी ठेवलीय असं वाटावं. मग आईकडे वळून म्हणाल्या, "बाई, तुमचे लोकां आले की मी हिकडं बसती. कुणाला दिसत नाय."

आणि त्या खरंच बसायच्या. माझे पाहुणे आले की आपलं स्टूल कॅनसमोर ओढून निवांत तसबीहची जपमाळ फिरवत राहायच्या.

एकदा आई खाली गेली असताना खालांनी मला आजाराबद्दल विचारलं. ओळखीच्या एकाही माणसाला न सांगितलेलं मी त्यांना सांगितलं, चौकोन-गोल-दोन रेघा सगळं. त्या ऐकत राहिल्या.

"हमारे में भी घर की घर में करते," त्या म्हणाल्या. "मेरे बहन के घर में एक के पिच्छे एक दो बच्चे गए. सब बोले, नजर है. कोई पूछ्याच नहीं, तो कोई बतायाच नहीं." मग, "तेरे भाई का देखे क्या?"

"नाही अजून."

त्यांनी मणी पुढे सरकवला.

*

घरी आल्यावर दिवस गोळ्यांभोवती फिरू लागला. गोळ्या उपाशीपोटी, जेवण त्यानंतर बऱ्याच वेळानं. शेंगदाणे बंद, काजू बंद, चॉकलेट बंद, कलेजी बंद. आमच्याकडे शेंगदाण्याच्या कुटाशिवाय भाजी होत नाही. आई माझी भाजी आधी वेगळी काढायची आणि मग कूट घालायची. माझ्या वाटीतली भाजी कशी पांढुरकी दिसते, यावरून दादा मला चिडवायचा.

"तांबेश्वरी देवी, आज नैवेद्याला काय? उकडलेला भोपळा?"

दादा वाळूजला एका कंपनीत तपासणी विभागात आहे. यंत्राचे भाग मापात आहेत का ते बघायचं काम. लहानपणी माझे पतंग तोच बांधून द्यायचा. त्याचा हात स्थिर असायचा, मला दोऱ्याची गाठसुद्धा दिसायची नाही.

माझ्या आजारपणात मला बसून बघण्याखेरीज काम नव्हतं. म्हणून दिसलं असेल. दादा बशीत कप ठेवताना खणखण आवाज यायचा. शर्टाचं वरचं बटण लावताना तो पाठ करून उभा राहायचा. बोलताना शब्द थोडे ओढल्यासारखे यायचे, जणू तोंडात सुपारी आहे. आई म्हणायची, रात्रपाळीचा परिणाम. बाबा म्हणायचे, लग्न ठरतंय ना, पोरगं हवेत आहे.

एके दिवशी दुपारी तो एकटा सापडला. मी दार लावून घेतलं आणि मॅडमनी जे सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. त्यानं मध्ये एकदाही विनोद केला नाही, यावरूनच मला कळलं की त्याला काहीतरी कळलेलं आहे.

"मागच्या महिन्यात साहेबानं मला मोजमापावरून काढून पॅकिंगला टाकलं," तो म्हणाला. "घरी नको सांगूस."

"चल ना माझ्याबरोबर. एकदा रक्त देऊन ये."

"आणि निघालं तर? मामा देईल का पोरगी?"

"दादा, आधी तू..."

"कोमलला मी दहावीपासून हो म्हणलेलो आहे, ऋतू. सुपारी फुटू दे. मग तू म्हणशील तिथं येतो. देवाशपथ."

आमच्याकडे सुपारी फुटणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. दोन्हीकडची माणसं बसतात, शब्द होतो, सुपारी फोडतात. साखरपुडा, लग्न सगळं नंतर. पण सुपारी फुटली की लग्न झाल्यातच जमा. त्यानंतर मोडलं तर दोन घरं एकमेकांची तोंडं बघत नाहीत. आमच्या बाबतीत ती दोन घरंही एकच. आईला जायला दुसरं माहेर नाही.

मी आईशी बोलून पाहिलं. ती पीठ मळत होती.

"कोमलही वाहक असू शकते. मामाकडूनही ते येऊ शकतं. त्यांची मुलं..."

"तुझं होऊ देते का मी काही कमी?" तिनं पिठावर मूठ मारली. "गोळ्या वेळेवर, जेवण वेगळं, सगळं करायलेय ना? मग त्याच्या लग्नात का पाय घालायलीस?"

तिचे हात पिठात तसेच राहिले. ती रागावली नव्हती, घाबरली होती. मला हे कळत होतं आणि त्यामुळे जास्तच बोलता येत नव्हतं.

पुढच्या तपासणीला मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "भाऊ?" बाबा शेजारी बसले होते. मी म्हणाले, येणार आहे. मॅडमनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "हात, बोलणं, चालणं, काही वेगळं दिसतंय का?" बाबा माझ्याकडे बघत होते. मी हो म्हणाले, इंग्रजीत. बाबांना एक शब्दही कळणार नाही अशा वेगानं सगळं सांगून टाकलं. मॅडम तितक्याच वेगानं म्हणाल्या, मग महिने नाहीत, काही दिवसांतच त्याला आण.

रिक्षात बाबांनी विचारलं, "काय म्हणत होत्या एवढं?"

"गोळ्यांचं," मी म्हणाले.

*

त्याच आठवड्यात मामा, मामी, कोमल आणि बिडकीनचे दोन म्हातारे आमच्या घरी बसायला आले. बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकली होती. मध्ये तबक: हळद-कुंकू, पानं, सुपाऱ्या, अडकित्ता.

मी आत कोमलजवळ होते. तिनं नवी साडी सारखी करत मला हळूच विचारलं, "ऋतू, तुझ्या गोळ्या अजून चालूच आहेत? काविळीच्या एवढे दिवस नसतात ना गं?"

मी तिच्या निऱ्या नीट केल्या. तिनं पुन्हा विचारलं नाही, पण माझ्याकडे बघत राहिली. तिला खोटं ऐकायचं नव्हतं आणि खरं विचारायचं धाडस नव्हतं. मला ती माझ्यासारखी वाटली.

बाहेरून मामाचा आवाज आला. "अरे, जावईबापूला बसवा की पुढं! असं कोपऱ्यात काय बसतोस चोरासारखा?"

मी दारात आले. दादा पुढे सरकून मांडी घालून बसला. मामीनं चहाचा कप त्याच्या हातात दिला. मी कपाकडे बघत होते. बशी वाजली. त्यानं दुसरा हात लावला, तरी वाजली. मग चहा हिंदकळून त्याच्या पांढऱ्या पँटवर सांडला.

खोली हसली. "घाबरला, घाबरला!" एक म्हातारा म्हणाला. "आत्ताच हे, तर बायको आल्यावर काय?"

"आमची कोमी लई खट आहे, सांभाळ रे बाबा," मामा म्हणाला, आणि पुन्हा हशा.

दादाही हसला. मग त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले. बाबा हसत होते. मी आईकडे पाहिलं. ती हसत नव्हती. ती दादाच्या दाबलेल्या हातांकडे बघत होती, आणि मग तिनं मला बघताना पाहिलं.

मामानं तबक ओढलं. सुपारी अडकित्त्यात धरली. "चला, उगीच लांबण नको. बोला, देवाचं नाव घेऊन..."

"मामा, थांबा."

माझा आवाज मलाच परका वाटला. सगळे वळले. मामाचा हात अडकित्त्यावर तसाच राहिला.

"काय गं? चहा सांडला तर अपशकुन-बिपशकुन मानायलीस का तू? इंग्रजी शाळेत गेलीस ना?"

कुणीतरी हसलं. आई उठली. "ऋतू, आत ये."

मी आत गेले नाही. दादानं मान वर केली. तो नको म्हणेल असं मला वाटलं होतं. तो काहीच म्हणाला नाही. माझ्या मागे दारात कोमल येऊन उभी राहिली होती, तिच्या बांगड्या ऐकू आल्या. मी चौकटीला धरलं. मॅडमच्या खोलीत मी दुसऱ्याचे शब्द मराठीत आणत होते. हे शब्द कुणी दिलेले नव्हते.

"मामा," मी म्हणाले, "माझ्या अंगात तांबं साठतं. ते मला आई आणि बाबा दोघांकडून आलंय, कारण दोघं एकाच घरातले आहेत. तेच दादालाही असू शकतं. त्याचा हात भीतीनं थरथरत नाही, बरेच दिवस थरथरतोय. कोमललाही त्यातलं अर्धं आलेलं असू शकतं, तिला काही होणार नाही, पण तिच्या मुलांना होऊ शकतं. सुपारी फोडायची की नाही ते तुम्ही नंतर ठरवा. उद्या सकाळी मी दादाला दवाखान्यात घेऊन चाललेय. तुमच्यापैकी कोण येतंय बरोबर?"